बाळ कोणाकडे ठेवायचं?

मागच्या महिन्यात एक तिशीतली मुलगी दवाखान्यात आली. छातीत धडधडतं, रात्री झोप लागत नाही, हाताला कंप सुटतो, अशी तक्रार होती. तिला मी लहानपणापासून ओळखतो, तिच्या वडिलांचा मधुमेह माझ्याकडेच आहे. नाडी थोडी जलद, बीपी ठीक, ईसीजी ठीक. बाळंत होऊन पाच महिने झालेले, म्हणून थायरॉईड आणि हिमोग्लोबिनची तपासणी लिहून दिली. बाळंतपणानंतरच्या पहिल्या वर्षात थायरॉईड बिघडू शकतं आणि त्याची लक्षणं अगदी अशीच असतात. चिठ्ठी लिहिता लिहिता सहज विचारलं, "कामावर कधी रुजू होणार?" तर तिला रडूच फुटलं.

"एकवीस दिवस राहिलेत, काका. आणि बाळ कोणाकडे ठेवायचं तेच ठरत नाहीये."

रिपोर्ट नॉर्मल आले. मग तिला आणि तिच्या नवऱ्याला एकत्र बोलावलं आणि अर्धा तास बसून त्या एकवीस दिवसांचा हिशेब मांडला. तो इतरांनाही उपयोगी पडेल, म्हणून हा लेख.

मी बालरोगतज्ज्ञ नाही. बाळाचं वजन, लसी, आहार यासाठी तुमचे बालरोगतज्ज्ञ आहेत आणि त्यांचाच शब्द शेवटचा. पण बाळ ज्यांच्या कडेवर असतं, ती माणसं माझे पेशंट असतात. गुडघे दुखणारी आजी, शुगरचे आजोबा, खोकणाऱ्या मावशी, तीन महिने सलग न झोपलेली आई. बाळाला सांभाळणाऱ्या माणसाची तब्येत हा विषय सहसा कोणाच्याच यादीत नसतो. मला तो पहिला वाटतो.

सहा महिन्यांचा पेच

२०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा मिळते. त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. कोणी ते सगळे आधी घेतले, तर आई रुजू होते तेव्हा बाळ जेमतेम चार महिन्यांचं असतं. शेवटपर्यंत काम करून रजा मागे ठेवली, तर सहा महिन्यांचं.

सहाव्या महिन्याच्या आसपास बाळाच्या आयुष्यात तीन गोष्टी एकदम घडत असतात. वरचं अन्न सुरू होतं. आईकडून गर्भात मिळालेली प्रतिकारशक्ती ओसरत आलेली असते आणि स्वतःची अजून तयार होत असते. आणि बाळाला माणसं ओळखू येऊ लागतात. काल कोणाच्याही कडेवर हसत जाणारं बाळ आज अनोळखी चेहरा दिसला की ओठ काढतं. आई डोळ्यांआड गेली तरी ती कुठेतरी आहे, हे त्याला कळू लागलेलं असतं, पण ती परत येईल हे अजून कळत नाही. हे रडणं आठ महिन्यांनंतर वाढतं आणि दीड वर्षानंतर हळूहळू कमी होतं. ते बाळाच्या वाढीचं लक्षण आहे. "तुम्ही फार अंगावर ठेवलंत म्हणून असं झालं," असं कोणी म्हणालं तर मनावर घेऊ नका.

या तिन्ही गोष्टी चालू असतानाच आईची रजा संपते. म्हणून मी सांगतो की बाळाची सोय शेवटच्या आठवड्यात शोधायची नसते. सातव्या महिन्यात नाव-नोंदणीचा विचार करता, दवाखाना निवडता, तेव्हाच हाही विषय घरात काढा.

पहिला पर्याय : आजी

आपल्याकडे बहुतेक घरांत प्रश्न विचारण्याआधीच उत्तर तयार असतं. "आजी आहे ना!" आजी असणं हे बाळाचं भाग्यच. पण या वाक्यात आजीला कोणी विचारलेलंच नसतं.

माझ्याकडे येणाऱ्या आज्या साधारण साठीच्या असतात. मधुमेह, रक्तदाब, गुडघ्यांची झीज, यापैकी एक-दोन गोष्टी असतातच. सहा महिन्यांचं बाळ सात-आठ किलोचं असतं. दिवसातून वीस-पंचवीस वेळा तेवढं वजन वाकून उचलायचं, मागे स्वयंपाकघर, आणि सून किंवा लेक डोंबिवलीहून लोकलने फोर्टला जाऊन परत येईपर्यंत अकरा तास. हे काम एखाद्या तिशीतल्या बाईलाही जड जाईल.

त्यातली एक गोष्ट मला सर्वांत जास्त धोक्याची वाटते. इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्या आजीचं जेवण बाळाच्या नादात दोन तास लांबतं, साखर उतरते, घाम फुटतो, चक्कर येते. घरात दुसरं कोणी नाही आणि बाळ कडेवर. माझ्या पेशंटमध्ये असं दोनदा घडलं आहे. सुदैवाने दोन्ही वेळा आजी पलंगावर बसलेली होती.

म्हणून आजीवर जबाबदारी टाकण्याआधी तिला माझ्यासारख्या एखाद्या डॉक्टरकडे घेऊन या. साखर, बीपी, डोळे, गुडघे बघू द्या. "मूल सांभाळायचं आहे" असं स्पष्ट सांगा, म्हणजे औषधं आणि वेळा त्याप्रमाणे बदलता येतात. वरकामाला आणि स्वयंपाकाला मदत लावा. आठवड्यातला एक दिवस तिचा स्वतःचा असू द्या, भजनाचा, भिशीचा, नुसतं झोपायचा. आणि तिला "नाही" म्हणायची मुभा द्या. जी आजी "मला एवढं झेपणार नाही, पण दुपारी चार तास मी बघेन" असं म्हणते, ती नातवावर कमी प्रेम करत नसते. तिला स्वतःचं शरीर माहीत असतं.

दुसरा पर्याय : घरी येणाऱ्या मावशी

ओळखीतून किंवा संस्थेमार्फत बाई ठेवली जाते. ओळखपत्र, पत्ता, पोलिसांकडची पडताळणी हे सगळं लोक आता करतात. तब्येतीबद्दल मात्र विचारत नाहीत, आणि विचारलं तर अपमान झाल्यासारखं विचारतात.

माझं म्हणणं असं आहे की घरी बाळाजवळ राहणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाने, मग ती आजी असो, मावशी असो की गावाहून आलेला काका, एका प्रश्नाचं उत्तर द्यावं. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला आहे का? संध्याकाळी ताप येतो का, वजन उतरलंय का? असेल तर छातीचा एक्स-रे आणि थुंकीची तपासणी. आपल्या देशात टीबी अजून घराघरांत आहे. मोठ्या माणसाला तो महिनोन्महिने खोकल्यावर थांबवून ठेवतो, पण वर्षाच्या आतल्या बाळाला त्याच जंतूंमुळे मेंदूचा किंवा सगळ्या शरीरात पसरणारा टीबी होऊ शकतो. जन्मल्यावर दिलेली बीसीजीची लस या गंभीर प्रकारांपासून बरंच संरक्षण देते, पण पूर्ण हमी देत नाही.

तपासणीचा खर्च तुम्ही करा, तिच्यासोबत दवाखान्यात या, आणि काही निघालं तर उपचाराच्या काळात तिचं काम जाणार नाही असं आधीच सांगा. नाहीतर कोणतीही बाई खोकला लपवणारच. तुम्ही-मी तिच्या जागी असतो तर आपणही लपवला असता. या विषयाकडे मी शेवटी परत येणार आहे.

तिसरा पर्याय : पाळणाघर

पाळणाघर म्हटलं की अनेक घरांत अजूनही चेहरे पडतात. "आपल्या घरात माणसं असताना?" हा प्रश्न येतो. म्हणून आधी पुराव्याबद्दल सांगतो.

अमेरिकेत १९९१ मध्ये एक मोठा अभ्यास सुरू झाला. दहा ठिकाणच्या १,३०० हून जास्त बाळांचा जन्मापासून कित्येक वर्षं मागोवा घेतला. त्यात दिसलं ते असं : बाळ घराबाहेर सांभाळलं गेलं एवढ्या एका कारणाने आईशी असलेलं त्याचं नातं सैल झालं नाही. घरी आईचा प्रतिसाद कमी आणि त्यात बाहेरची सोयही निकृष्ट, असं दोन्ही एकत्र आलं तिथे अडचण दिसली. चांगल्या दर्जाच्या ठिकाणी वाढलेल्या मुलांची भाषा आणि समज थोडी पुढे होती. खूप जास्त तास बाहेर राहिलेल्या मुलांमध्ये वागणुकीच्या तक्रारी किंचित जास्त होत्या. आणि या सगळ्यापेक्षा घरातल्या वातावरणाचा परिणाम मोठा होता. तो देश वेगळा, घरं वेगळी, हे मान्य. पण "पाळणाघर म्हणजे बाळाचं नुकसान" असं म्हणायला आधार नाही, एवढं यातून नक्की कळतं. "पाळणाघर कसं आहे" हाच विचारण्याजोगा प्रश्न आहे.

ते कसं ओळखायचं? भिंतीवरचे कार्टून, एसी आणि मोबाइलवर दिसणारा कॅमेरा यांना मी शेवटचे गुण देतो. कॅमेऱ्यात बाळ पडलेलं दिसेल, पण त्याला उचलायला तिथे माणूसच हवा. न सांगता, दुपारी एक ते चारच्या दरम्यान जाऊन या आणि हे बघा :

• माणसं किती? एका वर्षाच्या आतल्या तीन बाळांमागे एक सांभाळणारी, अशी अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस आहे. आपल्याकडे एवढं क्वचित मिळतं. पण एक बाई आठ तान्ही बाळं सांभाळत असेल तर तिथून परत या. आग लागली तर तिने कोणती दोन उचलायची?

• माणसं टिकतात का? दर दोन महिन्यांनी बाई बदलत असेल तर बाळाला दर दोन महिन्यांनी नवी ओळख करावी लागते. तिथल्या बायकांना पगार वेळेवर मिळतो का, रजा मिळते का, हेही विचारा. त्याचा आपल्या बाळाशी थेट संबंध आहे.

• बाळं झोपतात कशी? पाठीवर, घट्ट गादीवर, तोंडाजवळ उशी, दुपटं, खेळणी न ठेवता झोपवलेली असावीत. डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी देण्याची गरज नाही.

• लंगोट बदलल्यावर आणि भरवण्याआधी साबणाने हात धुतात का? हे पाच मिनिटं उभं राहिलं की दिसतं. जुलाब आणि सर्दी रोखण्यासाठी यापेक्षा स्वस्त आणि चांगला उपाय नाही.

• पाण्याने भरलेली बादली उघडी आहे का? रांगतं बाळ वीतभर पाण्यातही बुडू शकतं. प्लग, खिडकीचे गज, जिन्याचं दार, खाली पडलेली नाणी, खेळण्यातली बटनासारखी बॅटरी, हे सगळं बघा.

• घशात काही अडकलं तर काय करतात, हे विचारा. बाळाला पालथं, डोकं खाली करून पाठीवर पाच थापा, मग उताणं करून छातीच्या मधोमध पाच दाब, हे तिथल्या प्रत्येकीला करता आलं पाहिजे. शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं बाळांच्या आसपासही नकोत. १०८ क्रमांक भिंतीवर लिहिलेला असावा.

• आणि बाळं जागी आहेत का?

शेवटच्या मुद्द्याबद्दल थोडं जास्त लिहितो. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या बायका पाळीला जाताना तान्ह्या बाळाला अफूची 'बाळागोळी' देत, म्हणजे आई परत येईपर्यंत ते झोपून राही. त्या काळच्या सरकारी अहवालांत याच्या नोंदी आहेत. त्या आया निर्दय नव्हत्या, त्यांच्याकडे दुसरा इलाज नव्हता. १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात प्रसूती लाभाचा कायदा झाला. त्याआधी १९२८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कायदेमंडळात त्या विधेयकाची बाजू मांडली होती. अफू गेली, पण झोपवण्याचा मोह गेला नाही. आज त्याची जागा सर्दी-खोकल्याच्या पातळ औषधांनी घेतली आहे, कारण त्यातल्या काही औषधांनी गुंगी येते. तान्ह्या बाळांत त्यामुळे श्वास मंदावू शकतो. दुपारी तीन वाजता एखाद्या पाळणाघरात डझनभर बाळं एकाच वेळी शांत झोपलेली असतील तर कौतुक करू नका, चौकशी करा. तुमचं बाळ घरी आल्यावर सुस्त, जड डोळ्यांचं, दूध न ओढणारं वाटलं तर त्याच संध्याकाळी डॉक्टरांना दाखवा. पालकांच्या लेखी परवानगीशिवाय कोणतंही औषध द्यायचं नाही, हे पहिल्या दिवशीच ठरवून घ्या. यात ग्राइप वॉटर आणि गुटीही आली. आणि वर्षाच्या आत मध चाटवायचा नाही, हेही.

आजारपणं येणारच

पाळणाघरात जाऊ लागलेलं बाळ पहिल्या वर्षी वारंवार आजारी पडतं. घरी राहणाऱ्या लहान मुलालाही वर्षाला सहा-आठ सर्दी होतात, पाळणाघरात त्याहून जास्त. त्यामुळे "पाठवायला लागल्यापासून सारखं आजारी आहे" हे वाक्य मी दर पावसाळ्यात ऐकतो. बहुतेक वेळा हे विषाणूंचे साधे संसर्ग असतात आणि त्यांना अँटिबायोटिक लागत नाही. हीच मुलं पुढे शाळेत गेल्यावर तुलनेने कमी आजारी पडतात.

लसी वेळच्या वेळी पूर्ण करा. सहा महिन्यांनंतर फ्लूच्या लसीबद्दल बालरोगतज्ज्ञांना विचारा, पहिल्या वर्षी तिचे दोन डोस लागतात. घरातल्या मोठ्यांनीही फ्लू आणि डांग्या खोकल्याच्या लसीबद्दल माझ्यासारख्या डॉक्टरांशी बोलावं.

श्वास फार जोरात चालणं (दोन महिने ते एक वर्षाच्या बाळात मिनिटाला ५० किंवा त्याहून जास्त), छाती आत ओढली जाणं, दूध सोडणं, फार वेळ लघवी न होणं, ग्लानी, झटका, यातलं काहीही दिसलं तर वाट बघू नका.

आता एक कडू गोष्ट. सकाळी बाळाला तापाचं औषध पाजायचं, ताप उतरला की पाळणाघरात सोडायचं आणि दुपारी फोन येईल तेव्हा बघू म्हणायचं, हे अनेक आईवडील करतात. मला माहीत आहे, कारण ते मला तसं सांगतात, खाली मान घालून. त्यांना रागवायला माझी जीभ उचलत नाही. रजा उरलेली नसते, साहेबाने मागच्याच आठवड्यात टोमणा मारलेला असतो. तरीही करू नका. तुमच्या बाळाला त्रास होतोच, शिवाय तिथल्या दुसऱ्या दहा बाळांनाही तो ताप जातो. त्यापेक्षा आजारपणातल्या दिवसांची पाळी आधीच ठरवा. पहिला दिवस आईचा, दुसरा बाबाचा, तिसरा आजीचा. "बाबाचा" हा शब्द मी मुद्दाम दुसऱ्या क्रमांकावर लिहिला आहे, शेवटच्या नाही.

दूध बंद करायची गरज नाही

रुजू व्हायचं म्हणून महिनाभर आधी अंगावरचं तोडू नका. सकाळी निघताना, संध्याकाळी आल्यावर आणि रात्री अंगावर पाजा. दिवसा काढून ठेवलेलं दूध द्या. पंधरा दिवस आधीपासून दूध काढायची सवय करा. कामावर साधारण तीन तासांनी काढलं तर दूध टिकतं आणि गाठीही होत नाहीत.

काढलेलं दूध स्वच्छ, झाकणाच्या डब्यात, तारीख-वेळ लिहून ठेवा. खोलीच्या तापमानाला चार तासांच्या आत वापरा, एप्रिल-मेच्या उकाड्यात त्याहूनही लवकर. फ्रिजच्या आतल्या भागात, दारात नव्हे, चार दिवस चालतं. बर्फाच्या पिशव्या ठेवलेल्या थर्मल बॅगेत एक दिवस टिकतं, म्हणजे लोकलचा प्रवास निभतो. देताना डबा कोमट पाण्यात धरा. उकळू नका, मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नका. बाळाने उष्टं केलेलं दूध दोन तासांनंतर टाकून द्या. बाटलीपेक्षा वाटी-चमचा किंवा आपलं जुनं बोंडलं बरं, धुवायला सोपं आणि जंतू कमी.

एकवीस दिवसांचा हिशेब

त्या मुलीला आणि तिच्या नवऱ्याला मी जे लिहून दिलं ते असं :

पहिला आठवडा : तीन ठिकाणं बघणं, दोघांनी मिळून. जे आवडेल तिथे आधीपासून येणाऱ्या दोन पालकांशी बोलणं. सासूबाईंची तपासणी.

दुसरा आठवडा : बाळाबरोबर रोज एक तास तिथे जाऊन बसणं. मग आईने पंधरा मिनिटं बाहेर जाऊन परत येणं, मग अर्धा तास, मग एक तास. जाताना बाळाला सांगून जायचं. नजर चुकवून पळायचं नाही. "टाटा, मी येते" म्हटल्यावर बाळ रडेल, पण आई सांगते आणि परत येते, हे त्याला अशानेच कळतं.

तिसरा आठवडा : अर्धा दिवस, मग पूर्ण दिवस. एक दिवस फक्त बाबाने सोडायचं आणि आणायचं.

आणि रुजू व्हायचा दिवस शक्यतो गुरुवार. दोन दिवस काम, मग शनिवार-रविवार घरी. पहिला आठवडा लहान झाला की सोमवार इतका जड जात नाही.

रुजू झाल्यावरही आईची झोप, भूक, मन यांच्याकडे घरच्यांनी लक्ष द्यावं. दोन आठवड्यांपेक्षा जास्त काळ उदास वाटणं, कशातच रस न वाटणं, "मी वाईट आई आहे" असं सारखं मनात येणं, ही नैराश्याची लक्षणं असू शकतात आणि त्यावर चांगले उपचार आहेत. स्वतःला किंवा बाळाला काही करावं असे विचार आले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

कायद्यात काय आहे

५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय केली पाहिजे आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता आलं पाहिजे, असं २०१७ च्या दुरुस्तीत आहे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद घेतली आहे. रुजू झालेल्या आईला बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत दूध पाजण्यासाठी दिवसातून दोन वेळा सुट्टी मिळण्याचा हक्क आहे. रजा मागण्याआधीच आपल्या कार्यालयाला लेखी विचारा. एकटीने विचारायला संकोच वाटत असेल तर चौघी-पाचजणी मिळून विचारा.

केंद्र सरकारी नोकरीतल्या बाबाला १५ दिवसांची पितृत्व रजा आहे. खासगी नोकरीतल्या बाबाला कायद्याने काहीच नाही. बाळ सांभाळणं हे आईचं काम, असं कायदाच सांगत असेल तर घरात वेगळं काय घडणार?

इथे मला स्वतःबद्दल लिहिलं पाहिजे. आमची मुलगी झाली तेव्हा पगारी रजा १२ आठवड्यांची होती. पत्नी खासगी कंपनीत होती. तीन महिन्यांची मुलगी आम्ही इमारतीतल्या तळमजल्यावरच्या काकूंकडे ठेवू लागलो. काकू फार मायेच्या होत्या, मुलगी त्यांच्याकडे आनंदात वाढली. पण मी रोज दुपारी एक ते पाच घरी असायचो. जेवून झोपायचो. मुलगी दोन मजले खाली होती. तिला दुपारी वर आणावं, हे मला दोन वर्षांत एकदाही सुचलं नाही. कोणी सुचवलंही नाही. आज ती पंचवीस वर्षांची आहे आणि मी हिशेब करतो तेव्हा ते दुपारचे चार तास मला आठवतात. म्हणून माझ्यासमोर बसलेल्या प्रत्येक नव्या बाबाला मी विचारतो, "तुमच्या दिवसातले कोणते तास बाळाचे?"

शेवटी, त्या मावशींबद्दल

तीन वर्षांपूर्वी एक जोडपं त्यांच्याकडे बाळ सांभाळणाऱ्या बाईंना घेऊन आलं होतं. महिनाभर खोकला. एक्स-रेत टीबी निघाला, थुंकीतही जंतू सापडले. घरात हलकल्लोळ. बाळाला त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं, सगळ्या तपासण्या झाल्या. बाळाला आजार नव्हता, प्रतिबंधक औषध सुरू झालं. आईवडिलांना मी समजावलं, घरातल्या मोठ्यांच्या तपासण्या लिहिल्या. बाईंची सरकारी दवाखान्यात मोफत औषधांसाठी नोंद करून दिली. सगळं व्यवस्थित केलं असं मला वाटत होतं.

बाई उठून दाराशी गेल्या आणि वळून म्हणाल्या, "डाक्टर, माझा धाकटा दोन वर्षांचा हाय. त्याला पन दाखवू का?"

मी त्यांना विचारलंच नव्हतं. रोज दहा तास त्या दुसऱ्याचं बाळ सांभाळत होत्या, तेव्हा त्यांचं बाळ कोणाकडे असायचं? आठ वर्षांच्या बहिणीकडे. ती शाळेत जात नव्हती.

त्या मुलाचीही तपासणी झाली, त्यालाही औषध सुरू झालं. सहा महिन्यांत बाई बऱ्या झाल्या. उपचार सुरू झाल्यावर काही आठवड्यांतच संसर्गाचा धोका खूप कमी होतो, हे त्या जोडप्याने समजून घेतलं, त्या काळातला पगार दिला आणि डॉक्टरांनी हो म्हटल्यावर त्यांना परत कामावर घेतलं. सगळेच असं करत नाहीत.

आपल्या बाळाची सोय करताना ती सोय कोणाच्या जिवावर उभी आहे, हे बघणं आपल्याच हिताचं आहे. २६ आठवड्यांची रजा घरकाम करणाऱ्या बाईला लागू होत नाही. अंगणवाडी काही तासांची असते. सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांना दिवसभर सांभाळणारी अंगणवाडी-सह-पाळणाघरं केंद्राच्या 'पाळणा' योजनेत आहेत. ती आपल्या वॉर्डात आहेत का, हे नगरसेवकाला विचारण्याचा हक्क तुम्हालाही आहे आणि तुमच्या मावशींनाही. विचारायला त्यांच्यासोबत गेलात तर उत्तर लवकर मिळेल.

त्या मुलीला आता रुजू होऊन आठवडा झाला आहे. बाळ पहिले तीन दिवस रडलं, चौथ्या दिवशी सोडताना रडलं आणि नंतर खेळलं. सोमवार आणि गुरुवारी बाबा सोडतो. धडधड थांबली का, विचारलं. "लोकल चुकली की होते," म्हणाली.

तुमच्या घरी हा विषय निघाला असेल तर पुढच्या वेळी येताना आजीला, बाबाला आणि जमलं तर मावशींनाही घेऊन या. बाहेर बाकडी पुरेशी आहेत.